समोरच्या घरातली झोप

सूनबाईची एक रजा शिल्लक होती आणि वर्ष संपायच्या आत घेतली नाही तर ती बुडणार होती. रजा बुडू द्यायची नाही आणि घरी तिचा पत्ताही लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं.

विमा कंपनीच्या कचेरीत ती दाव्यांच्या खिडकीवर बसायची. कोणाची गाडी ठोकली, कोणाचं दुकान जळलं, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं, हे दिवसभर ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन घरातल्यांचं ऐकून घ्यायचं. आता तिला काहीच ऐकायचं नव्हतं. एक अख्खा दिवस डोक्यावरून चादर ओढून मुडद्यासारखं पडून राहायचं होतं.

पण घरी पडून राहण्याचा तिचा अनुभव वाईट होता. मागच्या रजेला ती सकाळी जरा उशिरा उठणार होती. तेवढ्यात घरातलं कोणीतरी बोलून गेलं, "आज घरीच आहेस ना?" आणि तिथून पुढे ती रजा तिची राहिली नाही. नवऱ्याने नळदुरुस्तीवाल्याला बोलावून ठेवलं. सासूबाईंनी माळ्यावरच्या गोधड्या उन्हात घालायला काढल्या. मुलीला शाळेसाठी ज्वालामुखी बनवून हवा होता. संध्याकाळपर्यंत नळ गळायचा थांबला, ज्वालामुखी गळायला लागला आणि सूनबाईची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन ती खुर्चीत टेकली, तेव्हा तिला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून यावेळी तिने गच्चीत कपडे वाळत घालताना समोरच्या दारातल्या वहिनींना गाठलं.

वहिनी नोकरी करत नसत, त्यामुळे त्यांना रजाही नव्हती. इमारतीत कोणालाही विचारलं तर तो सांगे की, त्या घरीच असतात. म्हणून साऱ्यांची पार्सलं त्यांच्याकडे यायची, साऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्यांना लटकायच्या, आणि शाळेतून लवकर सुटलेली पोरं त्यांच्याच सोफ्यावर उड्या मारायची. "वहिनी, जरा" असं म्हणत दिवसभर कोणीतरी दारात उभं असायचं. त्या 'जरा'ने त्यांना जेरीस आणलं होतं. आपल्याला काय हवंय, हे त्यांनी सूनबाईला अगदी साध्या शब्दांत सांगितलं होतं. कुठेतरी पंख्याखाली खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भरलेला डबा उघडायचा, आणि तो संपेपर्यंत आपल्याला कोणी हाक मारायची नाही.

सौदा तिथल्या तिथे ठरला. सूनबाईने वहिनींची किल्ली घ्यायची आणि त्यांच्या घरी झोपायचं. वहिनींनी सूनबाईचा डबा घ्यायचा आणि विमा कचेरीच्या प्रतीक्षागृहात जाऊन बसायचं. तिथे गार हवा असते, गुबगुबीत खुर्च्या असतात, आणि दाराशी नंबराचं तिकीट घेतलं की पाच वाजेपर्यंत माणसाला कोणी का बसलात म्हणून विचारत नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी सासूबाईंनीही जाहीर केलं की, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे आणि तिथे बराच वेळ लागतो. सूनबाईला ते पथ्यावरच पडलं. ती रोजच्यासारखी साडी नेसून, पर्स घेऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, नवरा आणि मुलगी गेलेली पाहिली आणि मागच्या जिन्याने परत वर आली. वहिनींच्या घरात शिरून तिने पडदे ओढले, फोनचा आवाज बंद केला, चादर डोक्यावरून घेतली. अंग पलंगाला लागलं तसं तिच्या तोंडून आपोआप "आई गं" निघालं.

डोळा लागतो न लागतो तोच बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

वहिनी परत आल्या म्हणावं, तर त्यांची किल्ली सूनबाईच्या उशाखाली होती. चोर असावा म्हणून तिने श्वास रोखला. चोराने दाराला आतून कडी लावली, चपला काढून नीट एकीला एक लावून ठेवल्या, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलं आणि भांडं विसळून पालथं घातलं. मग चोर पलंगाशी आला आणि ओळखीच्या आवाजात म्हणाला, "आज तूही आडवी झालीस का? बरं केलंस बाई. जरा सरक."

त्या सासूबाई होत्या. वहिनींनी अडीअडचणीला म्हणून त्यांच्याकडे कधीच देऊन ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने त्या आत आल्या होत्या. चादरीखालची वहिनीच आहे असं समजून त्या शेजारी लवंडल्या. सूनबाई भिंतीकडे सरकली ती भिंतीला पालीसारखी चिकटूनच राहिली.

सासूबाईंना बोलल्याशिवाय झोप येत नसे, हे सूनबाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या छताकडे बघत हळूहळू बोलत राहिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगून आज मोठी झोप काढायची ठरवली होती, म्हणाल्या. डोळ्यांचंच काम आहे, खोटं असं काही नाही. आपल्या घरी आडवं झालं की जळमटं दिसतात आणि उठावं लागतं. इथेही जळमटं आहेत, पण ती तुझी आहेत, माझ्या जिवाला त्यांचा घोर नाही. मग त्या सुनेवर आल्या. सूनबाईने कान टवकारले.

"पोरगी फार दमते गं," सासूबाई म्हणाल्या. "पण रजेच्या दिवशी घरी असली की मला भीती वाटते. मला लोळत पडलेलं तिने पाहिलं तर म्हणेल, मी मर मर मरते आणि ही बघा. म्हणून मग मी गोधड्या काढते. मी काढल्या की ती उचलते. ती उचलते म्हणून मला बसवत नाही. दोघी दिवसभर उभ्या. मागच्या वेळी त्या गोधड्या धुतलेल्याच होत्या."

सूनबाईला हसू फुटलं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण चादर गदागदा हलायला लागली. सासूबाईंनी चादर ओढली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू ऑफिसात होतीस ना?"

"तुम्ही डॉक्टरकडे होतात ना?"

मग सासूबाईंनी चादर परत सुनेच्या अंगावर घातली, थोडी आपल्याकडेही ओढून घेतली, आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे बाहेर. झोप."

त्या खरंच झोपल्याही असत्या. पण त्याच वेळी सासूबाईंचे चिरंजीव, म्हणजे सूनबाईचा नवरा, पोट धरून जिना चढत होता. त्याच्या ऑफिसात कोणाच्या तरी बढतीची मेजवानी झाली होती आणि तिच्यातलं काहीतरी त्याला बाधलं होतं. आई घरी असते या भरवशावर त्याने लग्नाआधीपासून कधी घराची किल्ली खिशात बाळगली नव्हती. आज आई डॉक्टरकडे आहे, हे त्याला दारावरचं कुलूप पाहून आठवलं. पोटात तर कळांवर कळा येत होत्या. तेव्हा इमारतीतला कोणीही माणूस जे करतो ते त्यानेही केलं. वळून समोरची घंटा वाजवली.

"वहिनी, ओ वहिनी, जरा दार उघडा," तो म्हणाला. त्या आवाजात असं काही आर्जव होतं की सूनबाई ताडकन उठून बसली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"उघडशील आणि सांगशील काय त्याला?" त्या पुटपुटल्या. "जाईल तो वर फौजदारांकडे. लहानपणापासून त्याचं असंच आहे, शेवटच्या क्षणी बरोबर पोचतो."

आईचा अंदाज चुकला नाही. नवरा दोन-दोन पायऱ्या गाळत वरच्या मजल्यावर गेला आणि निवृत्त फौजदारकाकांच्या घरात, नमस्कारसुद्धा न करता, आतल्या बाजूला नाहीसा झाला. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर शांती होती. तिथेच पाणी पिऊन तो काकांच्या सोफ्यावर पडून राहिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याने किल्लीसाठी बायकोला फोन लावला.

बायको फोन उचलेना. त्याने तिच्या कचेरीत फोन केला. तिथून कळलं की मॅडम आज रजेवर आहेत. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोन केला. तिथून कळलं की आजी आज आल्याच नाहीत. त्याने हे सगळं फौजदारकाकांना सांगितलं, आणि समोरच्या वहिनी घंटेला ओ देत नाहीत, हेही सांगितलं.

फौजदारकाका इथे राहायला आल्यापासून एखाद्या गुन्ह्याची वाट पाहत होते. शेजारी एकजात सज्जन निघाल्यामुळे त्यांचा फार हिरमोड झाला होता. आज एकाच मजल्यावरून तीन बायका गायब म्हटल्यावर त्यांनी पायजमा बदलून पँट चढवली.

"आईंना फोन लाव," ते खाली येता येता म्हणाले.

नवऱ्याने जिन्यातूनच आईला फोन लावला. नातीने आजीच्या फोनला कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज लावून दिला होता. तो कोंबडा समोरच्या बंद दाराआड मोठ्याने आरवला, आणि अर्ध्यातच कोणीतरी मान मुरगाळावी तसा गप्प झाला.

नवरा कठड्याला धरून पायरीवर बसला. फौजदारकाकांनी मात्र दाराला कान लावला, ओठांवर बोट ठेवलं, आणि हलक्या आवाजात निदान सांगितलं. फोन आत आहे, तो कोणीतरी बंद केला, म्हणजे माणूस आत आहे. घरात दरोडेखोर आहेत आणि त्यांनी तिघींना बांधून घातलं आहे. तोंडात बोळे असणारच. खिडकीतून पळायला त्यांना वाव नाही, कारण खाली काकांनी आधीच कोणालातरी उभं केलं होतं.

इमारतीत जे घरी होते ते सगळे जमले. बातमी वरून खाली जाताना दरोडेखोरांची संख्या वाढत गेली. कोणी बॅडमिंटनची रॅकेट आणली, कोणी लाटणं आणलं, एकाने नुसता मोबाइल आणला आणि चित्रण सुरू केलं. काका दाराकडे तोंड करून म्हणाले, "तुम्हाला चारी बाजूंनी घेरलंय." आत सूनबाई सासूबाईंना कुजबुजत विचारत होती की, आता काय करायचं, आणि सासूबाई केस सारखे करत म्हणत होत्या की, थोडं थांब, कंटाळून जातील. त्यांना आपल्या शेजाऱ्यांची चिकाटी अजून माहीत नव्हती. काकांनी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून घेतलं होतं.

इकडे विमा कचेरीत वहिनींचा दिवस सोन्यासारखा चालला होता. त्यांचा नंबर दोनदा पुकारला गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी मोठ्या मनाने मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. डबा उघडला तेव्हा भाजीत मीठ कमी होतं. पण ते आपण घालायला विसरलेलो नाही, या विचाराने त्यांना ती भाजी अमृतासारखी लागली. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा खिडकीमागचा कारकून शेजारच्याला सांगताना ऐकू आला की, दाव्यांच्या मॅडमचे मिस्टर फोन करत होते, आणि मॅडम रजेवर आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं म्हणे. तो घास न चावताच गिळून वहिनी उठल्या. बसमध्ये बसायला जागा असून त्या दाराशी उभ्या राहिल्या, जणू त्यामुळे बस लवकर पोचणार होती.

त्या जिना चढून आल्या तेव्हा सुतार त्यांच्या दाराच्या फटीत पटाशी घालत होता.

"माझ्या दाराला टवका जरी गेला ना, तर बघा," वहिनी म्हणाल्या.

सगळे वळले. मुक्त झालेली ओलीस हातात डबा घेऊन उभी होती. फौजदारकाकांनी आपला तर्क मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिला, पण तो जुळेना. वहिनी बाहेर, तर मग आत कोण, असं त्यांनी दरडावून विचारलं. वहिनींनी आयुष्यात कधी खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता. त्या नुसत्याच डब्याकडे बघत राहिल्या. तेव्हा नवरा पुढे झाला.

"वहिनी, माझी बायको सापडत नाही," तो म्हणाला. "तिला काही झालं तर मी काय करू हो? मला तर भाजी कुठून आणतात तेही माहीत नाही."

त्याच्या बोलण्याचा उत्तरार्ध कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही, कारण त्याला खरंच रडू येत होतं. आत दाराला कान लावून उभ्या असलेल्या सूनबाईच्या मात्र दोन्ही भाग ध्यानात आले. तिने कडी काढली.

दारात सूनबाई उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या. मागे सासूबाई. बॅडमिंटनची रॅकेट खाली आली.

"तुम्हाला कोणी बांधलं होतं?" काकांनी विचारलं. अजूनही त्यांना थोडी आशा होती.

"कोणी नाही. मी रजा घेतली होती."

"कशासाठी?" नवऱ्याने विचारलं.

"झोपायला."

लोकांनी दरोडेखोर निमूटपणे मान्य केले होते. हे मात्र कोणालाच पटेना. झोपायला रजा कशाला, असं एकाने विचारलं. आणि झोपायला दुसऱ्याच्या घरी कशाला, असं दुसऱ्याने. सासूबाईंना काही विचारायच्या आतच त्यांनी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे असं जाहीर करून टाकलं. कुठल्या डॉक्टरांनी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. सुताराने पटाशी पिशवीत घातली. तेवढ्यात त्याला दाराचा खालचा कोपरा फुगलेला दिसला होता, तो तासून देऊ का, असं त्याने वहिनींना विचारून घेतलं.

नवऱ्याच्या मनाला ही गोष्ट फार लागली. घरी दोन पलंग असताना आई आणि बायको परक्या पलंगावर जाऊन झोपतात, यात त्याला आपली नाचक्की दिसली. तो वाईट माणूस नव्हता. आजवर बायकोने झोप मागितली नाही म्हणून आपण ती दिली नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्याने रात्रीच्या जेवणाच्या वेळी शपथच घेतली. नव्या वर्षाची रजा हाती पडली की सूनबाईने एक दिवस घ्यायचा आणि आपल्या हक्काच्या घरात, आपल्या हक्काच्या पलंगावर झोपायचं. आईनेही तेच करायचं. "मी स्वतः रजा काढतो," तो म्हणाला. "बघतो तुम्हाला कोण उठवतं ते."

त्याने ते अक्षरशः खरं केलं. तो दिवस उजाडला तेव्हा त्याने दोघींना आतल्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं आणि दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्यावर बसला. थोड्या वेळाने दार उघडून त्याने विचारलं, झोप लागली का? मग पंखा जास्त तर होत नाही ना, हे विचारलं. मग साखरेचा डबा कुठला, हे विचारलं. आणि सांगू नकोस, मी शोधतो, असं म्हणून एकेक डबा आपटत तो शोधला. बाहेरची घंटा वाजली की तो धावत जायचा आणि "हळू, ती झोपलीय" असं कुजबुजायचा. त्याची कुजबुज तळमजल्यावर ऐकू जात होती.

भर दिवसा बाई झोपली आहे, नवऱ्याने त्यासाठी रजा काढली आहे, आणि सासूही शेजारीच निजली आहे, म्हटल्यावर इमारतीला काळजी वाटणं साहजिक होतं. काहीतरी साथीचं असावं, पण आपल्याला सांगत नाहीत, असं ठरलं. माणसं भेटायला येऊ लागली. फौजदारकाका संत्री घेऊन आले. त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको काढा घेऊन आली. खालच्या मजल्यावरच्यांनी एका चांगल्या डॉक्टरचं नाव आणलं. वहिनींना खरं काय ते माहीत होतं, पण काय चाललंय ते बघायला त्याही आल्या. दुपार व्हायच्या आत दिवाणखाना भरला, आणि आजारपणावर हलक्या आवाजात बोलता बोलता सगळ्यांचे आवाज हळूहळू मोठे झाले.

सूनबाई उठली. आलेल्या माणसांना चहा तरी विचारायला हवा होता. सासूबाईही कण्हत उठल्या आणि कपबशा काढू लागल्या. तुम्ही पडा, आम्ही फक्त बघायला आलोय, असं सगळ्यांनी सांगितलं आणि साखर कोणाला किती तेही सांगितलं.

चहाचा ट्रे बाहेर आला तेव्हा नवरा कुठे दिसेना. सूनबाई आत डोकावली. पहाटेपासून पहारा करून तो शिणला होता. तिने सोडलेल्या उबदार जागेवर तो आडवा पडला होता आणि संथ लयीत घोरत होता.

तिच्या खांद्यावरून फौजदारकाका डोकावले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "झोपलाय," ते कुजबुजले. ही कुजबुज मात्र खरोखरची होती. "दमला असेल बिचारा. घरचं सगळं एकट्यावर पडलं आज. चला, चला, त्याला उठवू नका."

आणि काय आश्चर्य, सगळे उठले. कोणी खुर्ची सरकवली नाही, कोणी खोकलं नाही. चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत माणसं एकामागून एक बाहेर पडली. शेवटच्या माणसाने दार इतक्या हलक्या हाताने ओढलं की खिट्टीचाही आवाज झाला नाही. जिन्यात खेळणाऱ्या पोरांना काकांनी दबक्या आवाजात दम भरला. वरच्या मजल्यावर कोणीतरी वाजत असलेला रेडिओ बंद केला. घरात अशी शांतता पसरली की तिघींना आपापला श्वास ऐकू येऊ लागला.

ट्रेमध्ये सगळ्यांचा चहा तसाच वाफाळत होता. वहिनींनी एक कप उचलला, सूनबाईने एक उचलला, सासूबाईंनी एक पिऊन दुसराही घेतला. तिघींनी पाय वर घेतले. घंटा वाजली नाही. 'जरा' कोणी म्हटलं नाही. आतून फक्त घोरणं येत होतं. एखाद्या गिरणीच्या लांबून येणाऱ्या आवाजासारखं ते एकसुरी होतं. सासूबाई सोफ्यावर कधी कलंडल्या ते त्यांनाही कळलं नाही. वहिनी खुर्चीतच पेंगल्या. सूनबाईने चटईवर अंग टाकलं, आणि अखेर आपल्या घराच्या छताखाली तिला गाढ झोप लागली. मुलगी शाळेतून येईपर्यंत अख्खं घर निजलं होतं.

पुढच्या महिन्यात सूनबाईने पुन्हा रजा घ्यायचं मनात आणलं आणि सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाईंनी नेहमीसारखा कपाळावर हात मारून घेतला नाही, की माळ्याकडे नजरही टाकली नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्याची रजा मंजूर झाली का?"